ट्वीड आणि घोंगडी : जव्हार-मोखाडा परिसराच्या संदर्भात जाड्याभरड्या लोकरी वस्त्राचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

स्कॉटलंडमधील ट्वीड आणि महाराष्ट्रातील घोंगडी ही दोन्ही वस्त्रे जाड्याभरड्या लोकरीपासून बनतात. थंड व पावसाळी हवेत कष्ट करणाऱ्या माणसाच्या गरजेतून ती निर्माण झाली. एकोणिसाव्या शतकानंतर मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ट्वीडला नाव, शिक्का आणि कायद्याचे संरक्षण मिळाले, तर घोंगडी गरिबाचे पांघरूण म्हणूनच राहिली. प्रस्तुत शोधनिबंधात या भिन्नतेची कारणमीमांसा पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या तालुक्यांच्या संदर्भात केली आहे. हा फरक वस्त्राच्या गुणवत्तेपेक्षा त्यामागील संस्थात्मक व्यवस्थेतून निर्माण झाला, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : ट्वीड, घोंगडी, दख्खनी मेंढी, जव्हार, मोखाडा, हातमाग, भौगोलिक निर्देशन

प्रस्तावना

वस्त्र ही मानवाची मूलभूत गरज आहे. महाराष्ट्राच्या वस्त्र-इतिहासात पैठणी, हिमरू, इरकली यांसारख्या मौल्यवान वस्त्रांचा अभ्यास बऱ्याच प्रमाणात झाला आहे. मात्र ज्या वस्त्राने सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्या शेतकरी, मेंढपाळ व आदिवासी समाजाचे पिढ्यानपिढ्या पावसापासून रक्षण केले, त्या घोंगडीकडे अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले. भाषेने मात्र घोंगडीची नोंद जपून ठेवली आहे. एखादे प्रकरण दीर्घकाळ निर्णयाविना पडून राहिले की त्याला आपण 'भिजत घोंगडे' म्हणतो. पाण्याने जड झालेली घोंगडी लवकर वाळत नाही, हा रोजच्या अनुभवातील प्रत्यय या वाक्प्रचारामागे आहे. कार्यकर्त्यांच्या छोट्या सभांना आजही 'घोंगडी बैठक' असेच म्हटले जाते.

घोंगडीसारखेच जाडेभरडे लोकरी वस्त्र युरोपच्या वायव्य टोकालाही विणले जात होते. तेथील ट्वीड आज जगभर प्रतिष्ठित कापड मानले जाते. मूळ उपयोग व कच्चा माल यांत एवढे साम्य असताना एकाला प्रतिष्ठा मिळाली आणि दुसऱ्याला ती का मिळाली नाही, हा प्रस्तुत निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत. १) ट्वीड व घोंगडी यांच्या घडणीतील साम्य व भेद स्पष्ट करणे. २) जव्हार-मोखाडा परिसरातील घोंगडीच्या वापराची भौगोलिक व सामाजिक पार्श्वभूमी समजून घेणे. ३) दोन्ही वस्त्रांना लाभलेल्या अथवा न लाभलेल्या संस्थात्मक आधाराची तुलना करणे. निबंधासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो दुय्यम साधनांवर आधारलेला आहे.

१. ट्वीड : नाव व घडण

ट्वीड हे मेंढीच्या लोकरीपासून विणलेले जाड, खरबरीत व टिकाऊ कापड होय. ते बहुधा ट्विल विणीत, म्हणजे तिरप्या रेघा उमटणाऱ्या विणीत विणले जाते. 'ट्विल' या शब्दाचे स्कॉटिश रूप 'ट्वील' असे आहे. १८३० च्या सुमारास लंडनच्या एका व्यापाऱ्याने हा शब्द 'ट्वीड' असा वाचला. स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवर ट्वीड नावाची नदी असल्याने तेच नाव रूढ झाले, अशी या नावाची प्रचलित व्युत्पत्ती आहे. म्हणजे ट्वीड हे नाव मूळ विणकरांनी दिलेले नसून ते बाजारपेठेत घडले आहे. ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

ट्वीडच्या कुळातील इतर कापडेही प्रसिद्ध आहेत. आयर्लंडमधील डोनेगल ट्वीडमध्ये रंगीत गुठळ्यांचे ठिपके दिसतात. आल्प्स पर्वताच्या प्रदेशातील लोडेन हे दाट व पाणी झटकणारे कापड आहे. आपल्याकडे काश्मीर व कुलू परिसरातील पट्टू हे याच प्रकारचे हातविणीचे लोकरी कापड होय. या सर्व वस्त्रांची निर्मिती डोंगराळ, थंड व दमट प्रदेशांत झाली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

लोकरीच्या तंतूत आपल्या वजनाच्या सुमारे एक-तृतीयांशाइतकी आर्द्रता सामावून घेण्याची क्षमता असते आणि तरीही तो स्पर्शाला फारसा ओला लागत नाही. तंतूवर नैसर्गिक मेणचट द्रव्य असते, त्यास लॅनोलिन म्हणतात. लोकर फार धुतली नाही तर हे द्रव्य टिकते आणि पावसाचे थेंब कापडावरून ओघळून जातात. हेब्रिडीज बेटांवर विणलेले कापड ओले करून स्त्रिया ते सामूहिकपणे आपटत व मळत असत. त्यामुळे धागे एकमेकांत गुंतून वीण दाट होई. हे काम करताना गीते म्हणण्याची प्रथा होती. आपल्याकडील जात्यावरील ओव्यांशी या प्रथेचे साधर्म्य सहज जाणवते.

२. घोंगडी : लोकर, सूत व माग

महाराष्ट्रातील घोंगडीचा कच्चा माल म्हणजे दख्खनी मेंढीची लोकर. ही मेंढी पठारावरील कमी पावसाच्या प्रदेशातील आहे. तिची लोकर आखूड, राठ व केसाळ असते. काळा, पांढरा व करडा हे तिचे नैसर्गिक रंग आहेत. त्यामुळे घोंगडीला बहुधा रंग द्यावा लागत नाही. अंगाला टोचणारी ही लोकर तलम कापडासाठी निरुपयोगी ठरते. मात्र पाऊस व वारा अडवण्यासाठी हाच राठपणा उपयोगी पडतो.

घोंगडीची निर्मिती अनेक टप्प्यांत होते. मेंढपाळ लोकर कातरतात. ती निवडून पिंजली जाते. स्त्रिया चरख्यावर सूत काततात. मागावर चढवण्यापूर्वी उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ लावतात. खळीमुळे राठ सुताचे सुटे केस बसतात व धागा मागावर तुटत नाही. त्यानंतर जमिनीत खड्डा करून बसवलेल्या मागावर साध्या विणीत घोंगडी विणली जाते. ट्वीडची वीण तिरपी तर घोंगडीची साधी, हा दोन्ही वस्त्रांतील प्रमुख तांत्रिक फरक होय. खळ धुऊन गेल्यावर आणि घोंगडी वापरात मुरल्यावर तिचे धागे एकमेकांत गुंतत जातात व ती अधिक दाट होते.

या व्यवसायात धनगर समाजातील खुटेकर या पोटशाखेचा आणि सनगर या विणकर समाजाचा मोठा वाटा आहे. नाशिक, अहमदनगर (आजचा अहिल्यानगर), पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर व सोलापूर या जिल्ह्यांत हे समाज विखुरलेले आहेत. म्हणजे मेंढी, सूत आणि माग ही तिन्ही साधने प्रामुख्याने घाटाच्या पूर्वेकडील प्रदेशातील आहेत.

३. जव्हार-मोखाडा : पावसाचा मुलूख

जव्हार व मोखाडा हे तालुके सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील डोंगराळ पठारावर वसले आहेत. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर व कातकरी हे येथील प्रमुख आदिवासी समाज होत. २०११ च्या जनगणनेनुसार दोन्ही तालुक्यांतील अनुसूचित जमातींचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे. नागली, वरई व भात ही येथील मुख्य पिके असून शेती जवळजवळ पूर्णपणे पावसावर अवलंबून आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथे अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. शेतीची बहुतेक सर्व कष्टाची कामे याच काळात उघड्यावर करावी लागतात.

या पावसात माणसाच्या संरक्षणाची दोन परंपरागत साधने होती. पहिले साधन म्हणजे इरले. बांबूच्या कामट्या व पाने यांपासून ते स्थानिक पातळीवरच तयार होई. भातलावणीसाठी वाकून काम करणाऱ्याची पाठ त्याने झाकली जात असे. दुसरे साधन म्हणजे घोंगडी. तिचे एक टोक आत दुमडून ती डोक्यावर घेतली की तिची खोळ होते. गुरे राखणे, रानवाटेने चालणे आणि पिकाची राखण करणे या कामांसाठी घोंगडीची खोळ सोयीची होती. रात्री तीच घोंगडी अंथरूण व पांघरूण होई. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटिअरमध्ये डोंगराळ भागातील समाजांच्या पोशाखाची वर्णने येतात. लंगोटी, डोक्याला फडके आणि अंगावर कांबळे असे त्या पोशाखाचे स्थूल स्वरूप होते.

इरले व घोंगडी यांत एक मूलभूत फरक आहे. इरल्याचा बांबू व पाने गावाच्या रानात मिळत. घोंगडीची लोकर मात्र या परिसरात मिळत नव्हती. दख्खनी मेंढीला कोकणपट्टीतील मुसळधार पाऊस मानवत नाही. पठारावरील मेंढपाळ आपले कळप पावसाळा संपल्यावर घाट उतरून खाली आणत आणि पावसाळ्यापूर्वी परत नेत. त्यामुळे ज्या हंगामात घोंगडीची सर्वाधिक गरज असे, त्या हंगामात मेंढी, मेंढपाळ आणि विणकर हे सर्व घाटापलीकडे असत. जव्हार-मोखाड्याचा आदिवासी हा घोंगडीचा वापरकर्ता होता, निर्माता नव्हता. तिच्यासाठी त्याला धान्य, रानातील उत्पन्न अथवा रोख पैसा द्यावा लागे.

या विनिमयाच्या शक्तीवर एकोणिसाव्या शतकात मोठा आघात झाला. १८७८ च्या भारतीय वन कायद्यानंतर जंगलावरील परंपरागत हक्क आक्रसत गेले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोषाची दखल घेऊन १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. राखीव जंगलातील चराईबंदीची झळ मेंढपाळांनाही बसली. अशा प्रकारे घोंगडी विणणाऱ्या आणि पांघरणाऱ्या दोन्ही समाजांच्या उपजीविकेवर एकाच धोरणाचा परिणाम झाला.

रोख पैशाच्या टंचाईमुळे वस्त्र हा मजुरीचाच भाग बनला. महाराष्ट्रात सालगड्याला वर्षाच्या बोलीत धान्याबरोबर कपडे, पायताण व घोंगडी देण्याची पद्धत अनेक ठिकाणी होती. ठाणे जिल्ह्यातील आदिवासी भागात लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी वर्षानुवर्षे राबणाऱ्या 'लग्नगडी' या वेठबिगाराची नोंद डी. सिमिंग्टन यांच्या १९३९ च्या अहवालात आहे. ज्या समाजव्यवस्थेत अंगावरील पांघरूणही मालकाच्या बोलीवर अवलंबून असते, तेथे त्या वस्त्राला स्वतंत्र बाजारमूल्य व प्रतिष्ठा प्राप्त होणे कठीण असते.

४. शासनसत्तेची विभागणी

जव्हार व मोखाडा हे तालुके आज एकत्र उल्लेखिले जात असले तरी १९४८ पर्यंत त्यांचा राजकीय इतिहास वेगळा होता. जव्हार ही मुकणे घराण्याची संस्थानी राजधानी होती. या महादेव कोळी घराण्याची परंपरा चौदाव्या शतकापर्यंत मागे जाते. सुमारे ३१० चौरस मैलांचे हे संस्थान १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. मोखाडा मात्र ब्रिटिश अमलाखालील ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्याचा पेटा म्हणून समाविष्ट होता. १९३६ मध्ये मोखाडा पेट्याची गणना अंशतः वगळलेल्या क्षेत्रात झाली. लोकर व विणकर ज्या प्रदेशात होते, ते नाशिक व अहमदनगर हे आणखी वेगळे जिल्हे होते.

याचा परिणाम असा झाला की घोंगडीच्या संपूर्ण साखळीकडे पाहणारी एकही सत्ता नव्हती. संस्थानाला विणकर नव्हते. मोखाड्यातील ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या दृष्टीने जमीन, जंगल व कर्ज हे प्रश्न महत्त्वाचे होते. देशावरील अधिकाऱ्यांच्या दृष्टीने घोंगडी हा एक किरकोळ ग्रामोद्योग होता. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे सुरू झाली आणि घाटावरील व्यापार मुंबईशी जोडला गेला. परंतु जव्हार-मोखाडा रेल्वेमार्गापासून दूरच राहिले.

५. हेब्रिडीज व डोनेगल : नाव, शिक्का आणि कायदा

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हॅरिस बेटाची परिस्थिती जव्हार-मोखाड्याहून फार संपन्न नव्हती. जमीन नापीक, पाऊस व वारा सततचा आणि जमीनमालकी मोजक्या हातांत, असे तेथील चित्र होते. १८४६ पासून बटाट्याच्या रोगामुळे तेथे दुष्काळ पडला. त्या सुमारास बेटाच्या मालकीण डनमोरच्या काउंटेस कॅथरीन मरे यांनी स्थानिक विणकरांकडून आपल्या कुळाच्या नक्षीचे ट्वीड विणून घेतले व लंडनमधील उमराव वर्गात त्याचा प्रसार केला. गरिबाचे कापड अशा प्रकारे जमीनदारांच्या शिकारीचा पोशाख बनले.

या लोकप्रियतेबरोबर नक्कलही वाढली. ती रोखण्यासाठी हॅरिस ट्वीड असोसिएशनची स्थापना झाली. गोलकावर क्रूस असलेले तिचे व्यापारचिन्ह १९१० मध्ये नोंदले गेले. पुढील वर्षापासून कापडावर शिक्के मारण्यास प्रारंभ झाला. १९३४ मध्ये या व्याख्येत महत्त्वाचा बदल करण्यात आला. सूत हाताने कातलेलेच असावे ही अट शिथिल करून बेटांवरील गिरणीत कातलेले सूत ग्राह्य धरण्यात आले. विणकाम मात्र हातमागावर व विणकराच्या घरीच झाले पाहिजे, ही अट कायम राहिली. मुख्य भूमीवरील सूत वापरण्याचा वाद न्यायालयात गेला, तेव्हा १९६४ च्या निर्णयाने कापडाच्या निर्मितीचे सर्व टप्पे बेटांवरच व्हावेत ही भूमिका मान्य झाली. अखेर १९९३ मध्ये ब्रिटिश संसदेने हॅरिस ट्वीड कायदा संमत करून या व्याख्येला वैधानिक स्वरूप दिले.

डोनेगलमध्ये हीच भूमिका वेगळ्या मार्गाने पार पाडली गेली. १८८३ मध्ये अ‍ॅलिस हार्ट यांनी डोनेगल इंडस्ट्रियल फंडाची स्थापना केली. १८९१ मध्ये आयर्लंडच्या गरीब पश्चिम भागासाठी कंजेस्टेड डिस्ट्रिक्ट्स बोर्ड स्थापन झाले. या बोर्डाने विणकरांपर्यंत सुधारित माग पोहोचवण्याचे प्रयत्न केले. मागास प्रदेशाची स्वतंत्र प्रशासकीय नोंद आयर्लंडमध्येही झाली आणि मोखाड्यातही झाली. मात्र डोनेगलमध्ये त्या नोंदीबरोबर वस्त्रोद्योगाचा विचार झाला, मोखाड्यात तो झाला नाही.

येथे अतिसुलभीकरण टाळणे आवश्यक आहे. हेब्रिडीजमध्ये मेंढी, सूत, माग व विणकर एकाच बेटसमूहावर होते. त्यामुळे वस्त्राला स्थानाचे नाव देणे सोपे गेले. घोंगडीच्या बाबतीत लोकर एका जिल्ह्यात, माग दुसऱ्या जिल्ह्यात आणि पांघरणारा तिसऱ्या ठिकाणी अशी स्थिती होती. शिवाय ब्रिटिश उमराव वर्गासारखा श्रीमंत ग्राहक घोंगडीला मिळाला नाही. ही दोन्ही कारणे लक्षात घेतली तरी शिक्का व कायदा यांचे महत्त्व कमी होत नाही. श्रीमंतांची आवड बदलत असते. हॅरिसच्या विणकराला टिकवून ठेवण्यात त्या आवडीइतकाच शिक्क्याचाही वाटा होता.

६. ठाण्याची गिरणी व स्वस्त ब्लँकेट

जव्हार-मोखाडा ज्या ठाणे जिल्ह्यात २०१४ पर्यंत होते, त्याच जिल्ह्याच्या मुख्यालयी १९२५ मध्ये रेमंड वुलन मिल ही लोकरी कापडाची गिरणी सुरू झाली. १९४४ मध्ये ती सिंघानिया उद्योगसमूहाकडे आली. त्या वेळी तेथे मुख्यतः जाडीभरडी स्वस्त ब्लँकेटे व अल्प प्रमाणात कमी किमतीचे लोकरी कापड तयार होत असे. पुढे या गिरणीने उंची सुटिंगचे कापड तयार करून देशभर नाव मिळवले. म्हणजे गिरणीने जाड्याभरड्या ब्लँकेटाकडून तलम कापडाकडे वाटचाल केली आणि तिला स्वतःचे नाव प्राप्त झाले. ठाण्यातील ही गिरणी २००९ मध्ये बंद पडली.

स्वस्त ब्लँकेटाची जागा पुढे हरियाणातील पानिपतने व्यापली. जुने लोकरी कपडे फाडून, त्यांचे पुन्हा सूत काढून केलेली 'शॉडी' ब्लँकेटे तेथे मोठ्या प्रमाणावर तयार होतात. मदतकार्यात वाटली जाणारी अनेक ब्लँकेटे याच प्रकारची असतात. त्याच काळात प्लॅस्टिकचा कागद खेडोपाडी पोहोचला. तो हलका, स्वस्त व तत्काळ वाळणारा असल्याने शेतकऱ्याने त्याचा स्वीकार करणे स्वाभाविक होते. भिजल्यावर जड होणाऱ्या घोंगडीच्या तुलनेत त्याची सोय नाकारता येत नाही. परंतु प्लॅस्टिक पाणी अडवते, ऊब देत नाही. पावसासाठी प्लॅस्टिक आणि थंडीसाठी वाटपातील ब्लँकेट अशा दोन वस्तूंनी एका घोंगडीची जागा घेतली. त्यांपैकी एकीचाही संबंध सह्याद्रीतील कोणत्याही कारागिराशी नाही.

मेंढपालनाचे अर्थकारणही याच काळात बदलले. लोकरीपेक्षा मांसाचे उत्पन्न अधिक महत्त्वाचे झाले. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेली 'सुवर्णा' ही मेंढी जुळी कोकरे देण्यासाठी प्रसिद्ध आहे. मेंढपाळाच्या उत्पन्नाच्या दृष्टीने हे संशोधन मोलाचे आहे. मात्र लोकरीला भाव नसल्याने अनेक ठिकाणी कातरणीचा खर्चही निघत नाही आणि लोकर टाकून द्यावी लागते, ही वस्तुस्थिती आहे.

७. भारतीय कायद्यात ट्वीड व कांबळे

स्वतंत्र भारताच्या कायद्यात ट्वीड व कांबळे ही दोन्ही वस्त्रे एकाच यादीत आढळतात, ही बाब विशेष उल्लेखनीय आहे. १९८५ च्या हातमाग (उत्पादनासाठी वस्तूंचे आरक्षण) कायद्यान्वये काही वस्तूंचे उत्पादन केवळ हातमागासाठी राखून ठेवण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये हा कायदा वैध ठरवला. प्रारंभी या यादीत २२ वस्तू होत्या. पुढे ती ११ वस्तूंपुरती मर्यादित झाली. २००८ च्या अधिसूचनेतील या ११ वस्तूंत साडी, धोतर, लुंगी यांच्याबरोबर बराक ब्लँकेट, कांबळ अथवा कांबळी आणि लोकरी ट्वीड यांचा समावेश आहे. म्हणजे जे साधर्म्य बाजारपेठेने मान्य केले नाही, ते कायद्याने मान्य केले, असे म्हणता येईल.

परंतु हा कायदा आणि हॅरिस ट्वीड कायदा यांच्या स्वरूपात मूलभूत अंतर आहे. भारतीय कायदा यंत्रमागाला मनाई करतो. हॅरिसचा कायदा विशिष्ट ठिकाणच्या विशिष्ट विणकराच्या कापडाची व्याख्या करतो. मनाई अमलात आणण्यासाठी शासकीय तपासणीवर अवलंबून राहावे लागते. व्याख्येचा उपयोग मात्र ग्राहकही करू शकतो. शिक्का पाहून तो कापड ओळखतो व त्याची अधिक किंमत देण्यास तयार होतो. आरक्षणामुळे कांबळ्याला संरक्षण मिळाले, परंतु ओळख मिळाली नाही. शिवाय कांबळ्याची जागा प्लॅस्टिक व कृत्रिम धाग्याचे ब्लँकेट घेत असताना यंत्रमागावरील मनाईचा फारसा उपयोग होण्यासारखा नव्हता.

मेंढपालनासाठी महाराष्ट्र शासनाने १९७८ मध्ये मेंढी व शेळी विकास महामंडळ स्थापन केले, तर आदिवासींच्या मालाच्या खरेदी-विक्रीसाठी १९७२ मध्येच आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले होते. एक संस्था घोंगडीच्या उगमाशी आणि दुसरी तिच्या वापरकर्त्याशी संबंधित आहे. वापरकर्ता व निर्माता यांना एकत्र आणणारी साखळी मात्र याही काळात उभी राहिली नाही. संस्थानी व ब्रिटिश काळातील विभागणीच नव्या स्वरूपात पुढे चालू राहिली.

८. नाव देण्याची शक्यता

२००३ मध्ये अमलात आलेल्या भौगोलिक निर्देशन कायद्याने अशा वस्तूंना स्थानाचे नाव कायदेशीरपणे जोडण्याचा मार्ग खुला केला. पालघरच्या आदिवासी भागाला त्याचा अनुभवही आहे. भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढल्या जाणाऱ्या वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशन प्राप्त झाले. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलावंतांनी या कलेला त्यापूर्वीच जागतिक कीर्ती मिळवून दिली होती. कोल्हापुरी चपलेचे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. २०१९ मध्ये मिळालेल्या या निर्देशनात महाराष्ट्र व कर्नाटक या दोन राज्यांतील प्रत्येकी चार जिल्ह्यांचा समावेश आहे. कारागीर अनेक जिल्ह्यांत विखुरलेले असले तरी एकच नाव देता येते, हे त्यावरून सिद्ध होते. त्यामुळे 'घोंगडीचे स्थान एक नाही' ही अडचण आज दुर्लंघ्य मानण्याचे कारण नाही.

१९३४ मध्ये हॅरिस ट्वीडच्या व्याख्येत झालेला बदलही येथे मार्गदर्शक ठरतो. कोणता टप्पा यंत्राकडे सोपवायचा व कोणता हातात ठेवायचा, हा निर्णय तेथे विचारपूर्वक घेतला गेला. घोंगडीच्या बाबतीत राठ लोकर हाताने कातण्याचे श्रम मुख्यतः स्त्रिया करतात आणि त्यांचा मोबदला अल्प असतो. कताईत यंत्राची मदत घेऊन विणकाम हातमागावर ठेवणे, हा पर्याय विचारात घेण्यासारखा आहे. परंपरेच्या शुद्धतेचा आग्रह धरताना त्या परंपरेचा भार कोणाच्या खांद्यावर आहे, याचाही विचार होणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) ट्वीड व घोंगडी या दोन्ही वस्त्रांत राठ लोकर, हातमाग व पावसापासून संरक्षण ही वैशिष्ट्ये समान आहेत. विणीतील व सफाईतील फरक त्यांच्या प्रतिष्ठेतील अंतराचे समाधानकारक स्पष्टीकरण देत नाही.

२) जव्हार-मोखाड्यात घोंगडी ही अत्यावश्यक वस्तू होती, परंतु तिची निर्मिती घाटापलीकडे होत असे. वापरकर्ता व निर्माता यांतील हे भौगोलिक अंतर आणि संस्थानी व ब्रिटिश प्रशासनाची विभागणी यांमुळे तिची बाजू मांडणारी एकही संस्था उभी राहिली नाही.

३) वन कायदे, कर्जबाजारीपणा व वेठबिगारी यांमुळे आदिवासी ग्राहकाची खरेदीशक्ती क्षीण झाली. घोंगडी ही मजुरीचा भाग बनली आणि गरिबीची खूण ठरली.

४) १९८५ च्या आरक्षण कायद्याने कांबळे व ट्वीड यांना एका यादीत आणले. मात्र केवळ मनाईने हस्तव्यवसाय टिकत नाही. त्याला ओळख, दर्जाची तपासणी व बाजारपेठ यांची जोड लागते.

हॅरिस बेटावरील विणकराला १८४६ च्या दुष्काळापासून १९९३ च्या कायद्यापर्यंत जवळजवळ दीड शतक लागले. त्या काळात त्याच्या वस्त्रासाठी कोणी ना कोणी सतत प्रयत्न करीत राहिले. घोंगडीसाठी असा सलग प्रयत्न झालेला दिसत नाही. दख्खनी मेंढीची लोकर आजही उपलब्ध आहे, खड्डामागावर बसणारे काही हात अद्याप शिल्लक आहेत आणि जव्हार-मोखाड्यातील पाऊस व थंडी कायम आहे. पठारावरील विणकर व डोंगरातील आदिवासी यांना जोडणारी सहकारी व्यवस्था उभी राहिली, तर दोन्ही समाजांना त्याचा लाभ होऊ शकेल. ज्या वस्तूच्या नावाने मराठी भाषेत रखडलेल्या कामाचा वाक्प्रचार रूढ झाला, तिचाच प्रश्न भिजत पडू नये, यासाठी इतिहास, वस्त्रतंत्र व आदिवासी विकास या तिन्ही क्षेत्रांतील अभ्यासकांनी एकत्रित प्रयत्न करणे गरजेचे आहे.